तत्त्वज्ञानाचा वर्कलोड

आमचं विद्यापीठ ऐतिहासिक आहे, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं आणि पुढे प्रत्येक समारंभात न चुकता सांगण्यात आलं. दगडी कमानी, रंगीत काचा, घड्याळाचा उंच मनोरा. आमचं कॉलेज मात्र ठाण्यातलं. त्या विद्यापीठाला जोडलेल्या असंख्य कॉलेजांपैकी एक, तळमजल्यावर बँक आणि शेजारी मंगल कार्यालय असलेलं. प्राचार्य माइकवर म्हणायचे, "आपण सगळे त्या मनोऱ्याच्या छायेत शिकतो आहोत." ती छाया खरोखरच ठाण्यापर्यंत पोचली असती तर बरं झालं असतं, कारण आमच्या वर्गाला पत्र्याचं छप्पर होतं. मी तो मनोरा पाहिला तो मार्कशीटच्या डोक्यावर. मार्कशीट यायची तीही पुढची परीक्षा तोंडावर आल्यावर.

मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. आम्ही मूळचे बाळकुमचे. आजोबांच्या वेळेपर्यंत भातशेती आणि मिठागरं. आता त्या जमिनीवर इंग्रजी नावांचे टॉवर उभे आहेत आणि आमच्या खाडीकाठाला 'रिव्हर व्ह्यू' म्हणतात. बाबांचा रेती-विटांचा सप्लाय आहे, आणि गावच्या गोविंदा पथकाचे ते अध्यक्ष. विषय ऐकून आईने विचारलं, "म्हंजे कीर्तन कराला शिकवतान कं?" बाबांनी विचारलं, "त्याच्यान पुरं काय?" मी म्हटलं, पुढे नीट विचार करता येतो. "तो तं आपून फुकट करतो," बाबा म्हणाले. तरीही त्यांनी मला अडवलं नाही. माझा चुलतभाऊ कॉमर्सच्या परीक्षेला इतक्या वेळा बसला होता की घरात कोणत्याही विषयाचा पदवीधर चालणार होता.

पहिल्या वर्षाला आम्ही चौघं होतो. एकीचं लग्न ठरलं, एक मास मीडियाला गेला, एक कॅनडाला मावशीकडे गेली. दुसऱ्या वर्षाला मी एकटी उरले, आणि मला शिकवायला सर.

सर खडवलीहून यायचे. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, कायम फुल शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास शिकवायचं तितक्या तासांचे पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि प्रत्येक सत्राला नव्याने नेमणूक. दहाबारा वर्षं ते असे दर सहा महिन्यांनी नवे लागत होते. पण वर्गात आले की हजेरीपत्रक उघडून खणखणीत आवाजात म्हणायचे, "रोल नंबर एक?" मी "येस सर" म्हणायचे. मग ते एक क्षण थांबून वर्गावर नजर टाकायचे आणि पत्रक मिटायचे. शिकवताना "मुलांनो" म्हणायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, मी एकटीच आहे." ते म्हणाले, "आज आहेस. म्हणून मी काय अर्ध्या आवाजात शिकवू?"

तो तास मला फार आवडायचा. आमच्या घरात चर्चा म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. सर माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचे. उत्तर चुकलं असं कधी म्हणायचे नाहीत. "बरं, तसं मानू," म्हणायचे, आणि माझ्या उत्तराला हाताला धरून पुढे पुढे नेत अशा ठिकाणी आणून सोडायचे की मीच म्हणायचे, सर, हे काही जमत नाहीये. मग त्यांना आनंद व्हायचा. माझं चुकलेलं पाहून आनंद होणारी माणसं माझ्या नात्यात पुष्कळ आहेत, पण हा आनंद वेगळा होता आणि त्याच्यासाठी मी ताप असतानाही कॉलेजला गेले आहे.

सरांना कायम का करत नाहीत, हे मी स्टाफरूमच्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. उत्तर एकच. त्यांची नेट-सेट नव्हती, आणि तिच्याऐवजी चालणारी पीएच.डी. व्हायची होती. प्रबंध त्यांनी ऐतिहासिक विद्यापीठात कधीच जमा केला होता. आधी मार्गदर्शक निवृत्त झाले. मग एका परीक्षकाचा अहवाल आला नाही. तो आला तोवर दुसरे परीक्षक परदेशी गेले. सर महिन्यातून एकदा त्या मनोऱ्याखाली जाऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की म्हणायचे, "प्रक्रियेत आहे." प्रबंधाचा विषय होता, काळ ही संकल्पना. स्टाफरूममध्ये यावर जेवढं हसून झालं होतं तेवढं एखाद्या विषयावर क्वचितच हसलं जातं.

दुसरं वर्ष संपता संपता प्राचार्यांनी मला आणि सरांना एकत्र बोलावलं. पुढच्या वर्षीही पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञानाला कुणी आलं नाही, तर विभाग बंद. सरांची नेमणूक होणार नाही, आणि मी शेवटच्या वर्षाला अर्थशास्त्र घ्यावं किंवा मुंबईतलं एखादं कॉलेज बघावं. जूनमध्ये विद्यापीठाला संख्या कळवायची, आणि मग समिती येऊन बघणार. "आपण विषय बंद करत नाही आहोत, सर," प्राचार्य अत्यंत प्रेमाने म्हणाले, "फक्त चालू ठेवत नाही आहोत."

सर बाहेर आले आणि नेहमीसारखे वर्गाकडे निघाले. जिन्यात थांबले. म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही गं." एवढंच. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की इथे प्रश्न माझ्या मार्कशीटचा नव्हता. विभाग गेला असता तर हा माणूस शिकवायचा थांबला असता.

रात्री जेवताना मी रडले. रडताना जे काही सांगितलं त्यातून बाबांनी त्यांना समजेल एवढं नेमकं उचललं.

"म्हंजे पोरां कमी हायेत," ते म्हणाले. "येवराच ना?"

"एवढंच."

"बारावी झालेली चालतील?"

मी म्हटलं, हो, पहिल्या वर्षाला बारावीच लागते. बाबांनी हात धुतला आणि फोन घेऊन ओट्यावर जाऊन बसले.

इथे आमच्या लोकांचा स्वभाव सांगायला हवा. आमच्याकडे कोणत्याही अडचणीवर एकच उपाय आहे: माणसं न्यायची. पोलीस चौकीत माणसं न्यायची, मुलगी बघायला माणसं न्यायची, डॉक्टरकडे एकाला न्यायचं तर सोबत सहा जण. टेंभी नाक्याला हंडीला सलामी द्यायला पथक निघतं तेव्हा वर चढणाऱ्यांपेक्षा नुसती बाजूला उभी राहणारी माणसं जास्त असतात, आणि त्यांच्याशिवाय पथक शोभत नाही. माणसं नेली की काम होतं, यावर बाबांची जी श्रद्धा आहे तेवढी त्यांची देवावरही नाही. आणि बारावी झालेली व पुढे काहीच न झालेली पोरं पथकात ढिगाने होती.

ॲडमिशनच्या दिवशी पथक टीशर्टवर आलं. पाठीवर बिल्डरचं नाव. चाळीसेक जण कॉलेजच्या ऑफिससमोर रांगेत उभे राहिले तेव्हा वॉचमनने आधी गेट लावून घेतलं. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "मेजर विषय?"

"जो ताईचा हाय तो."

"ताईचा कोणता?"

रांग मागे वळली, मागच्याने त्याच्या मागच्याला विचारलं, आणि शेवटी प्रश्न माझ्यापर्यंत आला. मी ओरडून सांगितलं. प्राचार्य केबिनमधून बाहेर येऊन बघत उभे होते. तत्त्वज्ञानाकडे तरुणाईचा ओढा वाढतोय, असं त्यांनी त्याच संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं, फोटोसह.

पहिल्या तासाला सर दारात आले, आत पाहिलं, आणि मागे जाऊन दारावरचा खोली क्रमांक वाचला. मग आत आले. माझं तिसरं वर्ष होतं, पण मी मागे जाऊन बसले होते. सरांनी हजेरी घेतली. संपेपर्यंत निम्मा तास गेला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही मावेना. मग त्यांनी टेबलावर हात ठेवून विचारलं, "मुलांनो, हे टेबल आहे, हे कशावरून?"

एका पोराने उठून टेबलावर दणका घातला. "आवाज आला ना सर? हाय."

"स्वप्नातही आवाज येतो."

वर्ग विचारात पडला. मग दुसरा म्हणाला, "सर, सातबारा बघा. सातबाऱ्यावर नाव असलं तं हाय, नसलं तं नाय."

"उत्तम. तसं मानू. आणि सातबारा खरा कशावरून?"

यावर मागच्या बाकांवरची पोरंही पुढे सरकली. प्रत्येकाच्या घरची एक केस कोर्टात होती. कोणाच्या काकाने नाव चढवलेलं, कोणाच्या आत्यांचं नाव गाळलेलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. सर मध्ये उभे राहून एकेकाला बोलू देत होते, आणि घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

ठरलं असं होतं की पोरं समिती येऊन जाईपर्यंत यायची. पण ती त्याच्या आधीच सवयीने यायला लागली. पहिल्या थरात उभा राहणारा एक दादा होता, जणू मानच नसलेला, दिवसा पाण्याचा टँकर चालवायचा. तो कायम शेवटच्या बाकावर, दोन जणांची जागा अडवून. सरांनी एकदा आधार या शब्दावर काहीतरी विचारलं तर तो बसूनच म्हणाला, "सर, खालच्याला वरती काय चाललंय ते दिसत नाय. डोक्यावर पाणी पडलं का कळतं, फुटली." सर थांबले. म्हणाले, "हे मी माझ्या टिपणात घेऊ का?" दादा कानापर्यंत लाल झाला. त्यानंतर टँकर बाहेर रस्त्यात उभा करून तो तासाला यायचा. रस्ता अडल्याच्या तक्रारी प्राचार्यांकडे जायच्या.

मला राग यायचा. सर आता माझे एकटीचे नव्हते. माझे तिसऱ्या वर्षाचे तास पोरांच्या तासानंतर असायचे आणि सर दमलेले, घसा बसलेला, पण डोळे चमकणारे असे यायचे आणि मला त्यांच्याच गोष्टी सांगायचे. "तुझ्या गावची मुलं विलक्षण आहेत गं," म्हणायचे. मी म्हणायचे, हो सर. मनात म्हणायचे, विलक्षण कसली, बाबांनी पाठवली म्हणून आलेली. आणि तरी त्यांचा चेहरा बघून बरं वाटायचं.

समिती आली ती नेमकी गोकुळाष्टमीच्या पुढच्या आठवड्यात. तीन जण, सगळे ऐतिहासिक इमारतीतून आलेले. निम्मा वर्ग क्रेप बँडेजमध्ये, एकाचा हात गळ्यात, एकाच्या भुवईला टाके. प्राचार्यांनी आदल्या दिवशी सर्वांना एकच उत्तर शिकवून ठेवलं होतं. समितीने पहिल्याला विचारलं, "तत्त्वज्ञान का घेतलंत?" "आवड." दुसऱ्याला विचारलं. "आवड." पाचव्यापर्यंत सगळ्यांना आवड होती. मग समितीतले ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "भारतीय तर्कशास्त्रात घटाचं उदाहरण येतं. माती हे घटाचं एक कारण. आता सांगा, घट असतो कशासाठी?"

"फोडाला," टाके पडलेला म्हणाला.

प्राचार्यांनी डोळे मिटले. सर मात्र ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "प्रयोजनाचा विचार केला आहे मुलाने. वस्तूचं प्रयोजन तिच्या नाशातही असू शकतं का, असा त्याचा प्रश्न आहे." ज्येष्ठ सदस्यांनी त्या पोराचं नाव विचारलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. चहाच्या वेळी ते प्राचार्यांना म्हणाले की इतका जिवंत वर्ग आपण बऱ्याच दिवसांत पाहिला नाही.

अहवाल चांगला आला. विभाग राहिला. बाबांनी बाळकुम नाक्यावर फ्लेक्स लावला. मध्ये बाबा, हात जोडून. भोवती पथकातल्या पोरांचे गोल फोटो. मागे घड्याळाचा मनोरा, इंटरनेटवरून काढलेला. खाली उजव्या कोपऱ्यात सर, ओळखपत्रावरचा फोटो, इतका लहान की मच्छर बसला तर झाकला जाईल. सरांना मी मोबाईलवर दाखवला तेव्हा ते मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दिवाळीनंतर प्राचार्यांनी सरांना बोलावून अभिनंदन केलं. इतके विद्यार्थी म्हणजे इतके तास, इतके तास म्हणजे पूर्ण वर्कलोड. आणि पूर्ण वर्कलोड म्हणजे आता तासिका तत्त्वावर भागवता येणार नाही, नियमानुसार पूर्णवेळ पद भरावं लागेल. पद मंजूर झालं. जाहिरात निघाली. सरांनी अर्ज केला. त्या दिवशी ते मला म्हणाले, "बघ, इतकी वर्षं मागून मिळालं नाही ते न मागता आलं." मी घरी जाऊन आईला शिरा करायला लावला.

पात्र उमेदवारांच्या यादीत सरांचं नाव नव्हतं. पीएच.डी. प्रक्रियेत होती. प्रक्रियेत असलेल्यांसाठी जाहिरातीत रकाना नव्हता.

प्राचार्यांनी शाल आणि श्रीफळ देऊन त्यांना निरोप दिला. "हे पद सरांमुळेच आलं," ते म्हणाले, "विभाग त्यांचा कायम ऋणी राहील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या हॉलमध्ये कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटत होती, पण कोणाच्या ते ठरेना. प्रत्येकाने आपापलं काम नियमाने केलं होतं.

बाबा दुसऱ्याच दिवशी माणसं घेऊन गेले. केबिनमध्ये मावले तेवढे आत, बाकीचे जिन्यात. प्राचार्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही माणसं दिलीत म्हणून तर पद निघालं. आता माणसं कमी नाहीत." बाबा घरी येऊन फोन बाजूला ठेवून बसले. माणसं नेल्यामुळे बिघडलेलं काम ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. रात्री आईला म्हणाले, "पोरां नेली नसती तं मास्तर ऱ्हायला असता कं?" आई म्हणाली, नसता राहिला, तसाही गेला असता. बाबांना ते पटलं नाही आणि मलाही पटलं नाही.

नव्या मॅडम लांबून आल्या होत्या. सगळ्या पदव्या, सगळी प्रमाणपत्रं, स्वभावाने चांगल्या. स्लाइडवर जे लिहिलंय ते वाचायच्या आणि मग म्हणायच्या, "एनी डाउट्स?" पहिल्या आठवड्यात टँकरवाल्या दादाने विचारलं, "मॅडम, हे असं मानलं तं पुरं काय होतं?" मॅडम म्हणाल्या, ते सिलॅबसमध्ये नाही. दुसऱ्या आठवड्यात टँकर दिसला नाही. महिन्याभरात सगळीच पोरं बंद झाली. पण हजेरीपत्रकात ती रोज येत होती. आली नसती तर वर्कलोड गेला असता आणि वर्कलोडबरोबर मॅडमचं पदही. शेवटी मॅडम मला म्हणाल्या, "तू एकटीच येतेस. एवढी धावपळ कशाला करतेस? मी तुला पीपीटी पाठवत जाईन." मी त्यांच्यावरही चिडू शकले नाही. त्यांनाही भाड्याच्या खोलीत राहून नोकरी टिकवायची होती.

परीक्षेआधी मी खडवलीला सरांकडे गेले. नदीच्या बाजूला दोन खोल्या, पुस्तकं कॉटखाली. आसपासच्या शाळकरी मुलांना ते इंग्रजी शिकवत होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. आणि मग माझ्या अभ्यासाबद्दल काही विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "वर्ग कसा चाललाय?"

"चाललाय, सर."

"मुलं येतात ना?"

"येतात."

"मी असलो काय, नसलो काय, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं रिकाम्या बाकांना शिकवलं. शेवटी एक वर्ग उभा राहिला. एवढं माझ्या हातून झालं, हे मला रोज रात्री झोपताना आठवतं." बटणं लावलेल्या बाहीने त्यांनी डोळे पुसले. मग थोडं लाजून म्हणाले, "एकदा येऊन लांबून बघून जावं म्हणतो. आत येणार नाही. दारापाशी मिनिटभर उभा राहीन. मॅडमना अवघडायला नको."

मला खरं सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "या ना सर. मी कळवते कधी ते."

स्टेशनवर बाकड्यावर बसून मी बाबांना फोन लावला. आवाज नीट ठेवायचा प्रयत्न केला, तो राहिला नाही. "बाबा," मी म्हटलं, "एक दिवस पोरं लागतील. सर वर्ग बघायला येणारेत."

पलीकडे ट्रकमधून विटा उतरत असल्याचा आवाज येत होता. बाबांनी कोणाला तरी थांबायला सांगितलं. सगळं शांत झालं.

"कंच्या दिवशी?" त्यांनी विचारलं.